शतक कोणाचे, वर्ष कोणते?

आज गुढीपाडवा. शालिवाहन शके १९४८, पराभवनाम संवत्सर आजपासून सुरू होत आहे. नाव ऐकून कोणी मनात किंतु आणण्याचे कारण नाही. साठ नावांच्या फिरत्या मालिकेतील ते चाळिसावे नाव आहे, एवढाच त्याचा अर्थ. तथापि शासनाच्या लेखी आज शके १९४८ नव्हेच. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे आज २८ फाल्गुन १९४७ असून तिचे नवे वर्ष येत्या रविवारी, २२ मार्च रोजी लागावयाचे आहे. वाशीच्या घाऊक बाजारातील गुजराती व्यापाऱ्याच्या चोपडीत संवत २०८२ आहे व ते दिवाळीपर्यंत तसेच राहील. त्याच्या शेजारच्या उत्तर हिंदुस्थानी गाळेधारकाचे संवत २०८३ मात्र आजच लागले. आमच्या मुसलमान बांधवांचा हिजरी १४४७ सालचा रमजान अखेरच्या दिवसांत आला आहे. एकच सूर्य, एकच सकाळ, एकच शहर. आणि वर्षांचे आकडे मात्र निरनिराळे!

या सर्वांवर वरचढ झालेला आकडा अर्थातच २०२६ हा होय. या इंग्रजी शतकाचा चौथा हिस्सा सरला, असे नुकतेच पुष्कळांनी लिहिले आणि सांगितले. परंतु तो सरला केव्हा? २०२४ च्या अखेरीस की २०२५ च्या? ज्यांनी १ जानेवारी २००० रोजी नव्या शतकाचे स्वागत केले त्यांच्या हिशेबाने पहिले उत्तर बरोबर. ज्यांनी त्या वेळी १ जानेवारी २००१ पर्यंत धीर धरा असे सांगितले, त्यांच्या हिशेबाने दुसरे. ही तक्रार नवीन नाही. जर्मनीच्या कैसर विल्हेल्मने विसावे शतक १ जानेवारी १९०० पासून मोजावे असे ठरविले, तर इंग्लंडने ते १९०१ पासून मोजले. म्हणजे युरोपातील दोन बलाढ्य राष्ट्रे एक वर्षभर दोन निरनिराळ्या शतकांत नांदत होती.

या वादाचे मूळ साधे आहे. सहाव्या शतकात डायोनिशियस एक्सिग्युअस नावाच्या धर्मोपदेशकाने ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची रीत घातली, तेव्हा शून्याची कल्पना युरोपात पोचलेली नव्हती. त्यामुळे इसवी सनाला शून्य वर्ष नाही. तो एकापासून सुरू होतो. मग शंभर वर्षे पुरी होण्यास १०० हे सालही सरावे लागते, आणि विसावे शतक २००० च्या अखेरीसच संपते. आपल्या भाषेला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वर्ष ‘लागणे’ वेगळे आणि वर्ष ‘सरणे’ वेगळे, हे आपल्या घरांतील आजीबाईही जाणतात. साठावे लागले म्हणून कोणी साठी शांत करीत नाही. साठ पुरी व्हावी लागतात.

आपल्या ज्योतिर्गणितानेही हाच मार्ग स्वीकारला. महाराष्ट्रात लिहिला जाणारा शकाचा आकडा हा गतवर्षांचा, म्हणजे सरलेल्या वर्षांचा, असतो. आज शके १९४८ लागले याचा गणिती अर्थ असा की, शकारंभापासून १९४८ वर्षे पुरी झाली आणि एकोणिसशे एकोणपन्नासावे चालू झाले. उलट शिवराज्याभिषेक शकाचा आकडा चालू वर्षाचा. म्हणूनच २०२३ च्या जूनमध्ये रायगडावर साडेतीनशेव्या वर्षाचा सोहळा झाला तेव्हा साडेतीनशेवे वर्ष लागले होते, आणि साडेतीनशे वर्षे पुरी झाली ती २०२४ च्या जूनमध्ये. दोन्ही बोलणी खरी. ती एकच नव्हेत, एवढेच.

वर्षारंभ आणि शून्य यांचा घोळ कोठवर जाऊ शकतो, हे पाहण्यास युरोपात जाण्याची गरज नाही. आपल्याच किनाऱ्यावरील एक शतकपालट पुरेसा आहे, तो म्हणजे इसवी सन १७०० चा. त्या काळी मुंबई बेट इंग्रजांच्या हाती होते. माहीमची खाडी ओलांडली की वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतची साष्टी आणि तिच्यापलीकडील वसई पोर्तुगीजांच्या हाती होती. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, जेथे आज आपले हे शहर वसले आहे, त्या बेलापूर-पनवेलच्या मुलखावर मराठे, मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज या सर्वांची नजर होती. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर स्वराज्य आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळातून जात होते. औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. अशा वेळी सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचा अंत झाला.

हा दिवस कोणता? मराठ्यांच्या गणनेने फाल्गुन वद्य नवमी, शके १६२१, प्रमाथीनाम संवत्सर. राज्याभिषेक शक २६. साताऱ्यापुढील मोगल छावणीत हिजरी ११११ चा रमजान महिना चालू होता. आज आपण इतिहासाच्या पुस्तकांत २ मार्च १७०० ही तारीख वाचतो. परंतु त्या दिवशी वांद्र्याच्या पोर्तुगीज पाद्र्याच्या वहीत १३ मार्च १७०० ही तारीख पडली असणार. आणि मुंबईच्या इंग्रज कारकुनाच्या लेखी तारीख २ मार्चच होती, पण साल? इंग्रजांचे कायदेशीर वर्ष त्या काळी २५ मार्चला बदलत असे. म्हणून त्यांच्या हिशेबाने १६९९ अद्याप सरलेलेच नव्हते. गोंधळ टळावा म्हणून ते दोन्ही वर्षे जोडून १६९९/१७०० असे लिहीत. तात्पर्य, ज्या दिवशी स्वराज्याचा छत्रपती गेला त्या दिवशी एका खाडीच्या दोन तीरांवर दोन निरनिराळी साले होती आणि तारखांत अकरांचे अंतर होते.

हे अंतर कशामुळे पडले? ज्युलियस सीझरच्या काळापासून चालत आलेल्या पंचांगात दर चौथे वर्ष लीप वर्ष धरले जाई. सौर वर्षाची खरी लांबी त्याहून किंचित कमी असल्याने शतकानुशतके दिवस साठत गेले. १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरीने दहा दिवस एकदम गाळले आणि पुढे असा नियम केला की, शतकाचे वर्ष ४०० ने भागले गेले तरच ते लीप वर्ष धरावे. कॅथलिक पोर्तुगालने ही सुधारणा त्याच वर्षी स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचे ऐकावयाचे नाही म्हणून ती १७५२ पर्यंत लांबविली. १७०० हे साल ४०० ने भागले जात नाही. म्हणून वांद्र्यात त्या वर्षी २९ फेब्रुवारी नव्हता आणि माहीमला होता. माहीमला जेव्हा २९ फेब्रुवारी उजाडला तेव्हा वांद्र्याला ११ मार्च होता! होडीने खाडी ओलांडावी आणि अकरा तारखा पुढे जावे, असा तो काळ होता. तेव्हापासून दहांचे अंतर अकरांचे झाले. १७३९ साली चिमाजी आप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली, तिची तारीख काही पुस्तकांत ५ मे तर काहींत १६ मे आढळते, याचे रहस्य हेच होय. त्यात कोणाही लेखकाची चूक नाही. दिवस एकच आहे.

याच सुमारास महाराष्ट्राच्या दप्तरांत आणखी एक शतक पालटत होते. बहमनी काळापासून दख्खनच्या कारभारात सुहूर सन रूढ होता. तो सूर्याच्या मृगप्रवेशापासून मोजला जाई, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. पेरणीबरोबर सुरू होणारे हे वर्ष महसुलाच्या दृष्टीने सोयीचे होते, आणि त्याचा आकडा अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिण्याची चाल होती. राजाराम महाराज गेले ते सुहूर सन अकराशेमध्ये. कागदांच्या भाषेत, ‘मया व अलफ’. शंभर आणि हजार! शून्यांचाच विचार केला तर याहून सुबक शतकवर्ष कोणते सापडणार? पण ताराबाईंना आपल्या लहान मुलाच्या नावे राज्य सावरावयाचे होते आणि पुढची सात वर्षे औरंगजेबाशी झुंजावयाचे होते. शतक पालटल्याचा उत्सव करण्यास त्यांना सवड कोठून असणार?

दोनशे वर्षांनी, १९०० साली, हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. इंग्रज अधिकारी नव्या शतकाच्या गोष्टी बोलत होते तेव्हा आपला मुलूख प्लेगातून वर येतो न येतो तोच दुष्काळात सापडला होता. १८९९ चा पाऊस हुकला आणि गुजरात, राजस्थानपासून दख्खनपर्यंत हाहाकार उडाला. गुजराती माणसाने त्या आपत्तीची आठवण विसाव्या शतकाच्या नावाने ठेवली नाही; विक्रम संवत १९५६ चा म्हणून तो ‘छप्पनियो’. परंतु पुढे १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा खेड्यापाड्यांतील निरक्षर मराठी माणूसही त्याला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणू लागला. या दोन शब्दांच्या दरम्यान केव्हातरी आपल्या लोकस्मृतीचे पंचांग बदलले. कोणी हुकूम काढला नाही. शाळा, कचेरी, रेल्वे, पगाराचा दिवस यांनी मिळून ते बदलले. आणि हा बदल इतका पुरा झाला की, शके १९०० हे आपल्या स्वतःच्या शकाचे शतकवर्ष १९७८ च्या पाडव्याला लागले, तेव्हा इंग्रजी सन २००० च्या स्वागतासारखा कोणताही घोष त्याच्या वाट्याला आला नाही.

मग १ जानेवारी २००० आला. त्या शनिवारी शके १९२१, मार्गशीर्षाचा वद्य पक्ष चालू होता. राष्ट्रीय दिनदर्शिकेचा ११ पौष होता. विक्रम संवत २०५६ होते, हिजरी १४२० चा रमजान होता, पारशांचे शहेनशाही साल १३६९ होते, जैनांचे वीर निर्वाण संवत २५२६ होते, बौद्धांचे बुद्धवर्ष २५४३ होते. ज्यांना कोकणाने शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, त्या बेने इस्राएलींचे साल ५७६० होते आणि पनवेलच्या त्यांच्या प्रार्थनामंदिरात तो साप्ताहिक विश्रांतीचा दिवस होता. शिवराज्याभिषेक शक ३२६ होता. योगायोग असा की, तीनशे वर्षे म्हणजे साठ संवत्सरांची पाच पूर्ण आवर्तने असल्याने १७०० च्या त्या मार्चप्रमाणे याही दिवशी संवत्सर प्रमाथीच होते. तीन शून्यांचे वर्ष जगात एकाच गणनेचे होते. पण धास्ती मात्र साऱ्या जगाने घेतली. संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठविण्याची काटकसर केली गेली होती, म्हणून ‘००’ हे १९०० समजले जाईल अशी भीती होती. छप्पन आणि बहात्तर म्हणून वर्षे लक्षात ठेवणाऱ्या माणसाची सवयच यंत्राला लागली होती! ते निस्तरण्याच्या कामाने आपल्या देशातील संगणक व्यवसायाला मोठा हात दिला. आणि महापे येथील ‘मिलेनियम बिझनेस पार्क’च्या नावात त्या तीन शून्यांची मोहिनी अजून टिकून आहे.

एवढ्या विवेचनावरून कोणी असे म्हणेल की, मग इंग्रजी सन टाकून द्यावा. आमचे म्हणणे अगदी उलट आहे. व्यवहाराला एक समाईक गणना लागते आणि ती जगाला मिळाली आहे. स्वतंत्र भारताने या प्रश्नाचा विचार केला नाही असेही नाही. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने देशभरची सुमारे तीस पंचांगे तपासून सौर महिन्यांची शकगणना सुचविली, आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, ती राष्ट्रीय दिनदर्शिका झाली. राजपत्रावर तिची तारीख छापली जाते. धनादेशावर ती लिहिली तरी बँकेने तो स्वीकारला पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. पण आपल्या वाचकांपैकी किती जणांनी असा धनादेश उभ्या आयुष्यात लिहिला असेल? आणि आज कोणी लिहिला तर तो मुदतीत आहे की नाही हे खिडकीवरच्या तरुणाने कसे ठरवावे? कायदा अस्तित्वात आहे. वाचता येणारे डोळे नाहीत.

आमची काळजी या वाचता न येण्याबद्दलच आहे, कारण तिचे परिणाम पुस्तकापुरते राहत नाहीत. शिवजयंती तारखेने साजरी करावी की तिथीने, यावर महाराष्ट्रात दर वर्षी दोन तट पडतात. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात शिवजन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी आहे. तिचे रूपांतर १९ फेब्रुवारी १६३० असे होते आणि तीच शासनाची तारीख आहे. परंतु ही तारीख जुन्या, ज्युलियन पंचांगाची आहे. १७५२ पूर्वीच्या घटनांना जुन्याच पद्धतीची तारीख द्यावयाची, या संकेतास धरून ती दिली जाते. भिंतीवरच्या आजच्या पंचांगाने तो दिवस १ मार्च १६३० होतो. तेव्हा तारखेचा आग्रह धरणाऱ्याने हे जाणावे की, त्याची तारीख आजच्या कालगणनेची नव्हे; आणि तिथीचा आग्रह धरणाऱ्याने हे जाणावे की, अधिक मासाच्या फेऱ्यामुळे त्याची तिथी दर वर्षी सूर्याच्या वेगळ्या स्थानी येते. दोन्ही गणना प्रामाणिक आहेत. अप्रामाणिक आहे तो एकाच गणनेला सत्य म्हणून दुसरीला अवमान ठरविण्याचा अभिनिवेश. शिवजन्माला चारशे वर्षे पूर्ण होतात ती २०३० साली. तो सोहळा तारखांच्या भांडणात वाहून जाऊ नये, असे वाटत असेल तर आजपासून चार वर्षांचा अवधी आपल्या हाती आहे.

दुसरा परिणाम याहून गुपचूप घडतो. पनवेल, उरण, ठाणे या भागांतील जुन्या घरांतून मोडी कागदांची रुमाले अद्याप आहेत. सनदा, करारनामे, वतनाचे निवाडे यांवर ‘खमस सबैन मया व अलफ’ असे काही लिहिलेले असते. पाच, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे की १७७४-७५ साल येते. इतके साधे गणित. ते ठाऊक नसल्याने असा कागद निरर्थक समजून रद्दीत जातो आणि त्याबरोबर एका घराण्याचा, कधी एका गावाचा, पुरावा जातो. १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ लिहिणारे आणि त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्या बरोबरीने भारतीय पंचांगांवरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक होते. कोकणातील मुरूडच्या या माणसाने जी किल्ली आपल्या हाती दिली, ती आपण खुंटीला टांगून ठेवली आहे.

आणि तिथीचे ज्ञान केवळ भूतकाळाचेच आहे असेही नाही. आपले शहर खाडीच्या काठी, भरतीच्या पातळीशी झगडत उभे आहे. सिडकोने खोदलेले धारण तलाव त्यासाठीच आहेत. दिवाळ्याच्या कोळ्याला विचारा: तिथीला पाऊणने गुणले की भरती पूर्ण होण्याची वेळ सुमाराने हाती येते. अष्टमीला सहाच्या आसपास, एकादशीला सव्वाआठच्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी मुसळधार पाऊस झाला तर सखल भागांत पाणी का तुंबते, हे तारीख सांगू शकत नाही, तिथी सांगते.

म्हणून आमची सूचना मोठ्या खर्चाची नाही. शासनाने ऐतिहासिक स्मृतिदिनाच्या प्रत्येक घोषणेत मूळ नोंदीची तिथी व शक, जुन्या पद्धतीची तारीख आणि आजच्या पद्धतीची तारीख अशा तिन्ही गोष्टी छापाव्यात. माध्यमिक शाळांतून इतिहासाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून वर्षातील चार तास एका गणनेतून दुसरीत जाण्याच्या रीतीला द्यावेत. आपल्या महानगरपालिकेच्या शाळांनी त्याचा आरंभ करावा. ज्या शहरात शक, संवत, हिजरी, बुद्धवर्ष मानणारी मुले एकाच बाकावर बसतात त्या शहराएवढी योग्य जागा दुसरी कोणती? आपल्या शेजाऱ्याचे वर्ष कोणते आणि ते कोठून मोजतात, हे ज्याला सांगता येते तो त्याच्या सणाला अनोळखी राहत नाही.

माहीमच्या खाडीवर आज पूल आहे आणि दोन्ही तीरांवर एकच तारीख आहे. ही सोय मोलाची आहे. पण तिच्यामुळे दुसऱ्या तीरावर कधी काळी वेगळी तारीख होती हे विसरून कसे चालेल? नव्या वर्षाच्या शुभेच्छा आम्ही वाचकांस देतो, त्या आज वर्ष लागलेल्या आणि न लागलेल्या सर्वांनाच.